युरोपीय प्रौढ विज्ञान-चित्रकथांचे इंग्रजी अनुवाद

युरोपीय प्रौढ विज्ञान-चित्रकथांचे इंग्रजी अनुवाद म्हणजे फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड इत्यादी देशांत प्रौढ वाचकांसाठी निर्माण झालेल्या विज्ञानकथात्मक चित्रकथांची अमेरिका व ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेली इंग्रजी रूपे होत. या अनुवादांचा आरंभ १९६० च्या दशकाच्या मध्यास 'बार्बारेला' या चित्रकथेपासून झाला. १९७७ मध्ये सुरू झालेल्या 'हेवी मेटल' या अमेरिकी मासिकामुळे त्यांना मोठा वाचकवर्ग मिळाला. मोबियस, फिलीप द्रुइए, एंकी बिलाल, आलेहांद्रो होदोरोव्स्की, शांताल मोंतेलिए, जाक लॉब हे या परंपरेतील प्रमुख कलावंत व लेखक होत.

कादंबरीचा अनुवाद करताना मुख्यतः शब्द बदलतात. चित्रकथेच्या बाबतीत शब्दांबरोबर पानाचा आकार, रंग, अक्षरलेखन आणि प्रसंगी खुद्द चित्रेही बदलली गेली. त्यामुळे एकाच कृतीच्या दोन इंग्रजी आवृत्त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असू शकतात. फ्रेंच वा इटालियन न जाणणाऱ्या जगभरच्या वाचकांना, भारतीय वाचकांसह, या कृती प्रामुख्याने इंग्रजीतूनच भेटतात. म्हणून आपण वाचत असलेली आवृत्ती कोणती, हे माहीत असणे अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

संज्ञा व व्याप्ती

फ्रेंच भाषेत चित्रकथेला 'बांद देसिने' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'रेखाटलेल्या पट्ट्या' असा होतो. फ्रान्स व बेल्जियममध्ये चित्रकथेला 'नववी कला' असेही संबोधले जाते. तेथील चित्रकथा प्रथम नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होत आणि नंतर मोठ्या आकाराच्या, पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकरूपाने निघत. या पुस्तकाला 'आल्बम' म्हणतात. आल्बमची पृष्ठसंख्या साधारणतः ४८ ते ६४ असते. अमेरिकी कॉमिक-पुस्तिका याच्या तुलनेत लहान (सुमारे १७ × २६ सेंटीमीटर), पातळ आणि जाहिरातींसह ३२ पानांच्या आसपास असते. आकारातील हा फरक पुढे अनुवादांच्या इतिहासात वारंवार अडचणीचा ठरला.

'प्रौढ' या विशेषणाचा अर्थ केवळ लैंगिक चित्रण असा नाही. राजकीय उपहास, हिंसेचे परिणाम, धर्मसत्ता, एकाधिकारशाही, मृत्यू, पर्यावरणाचा विनाश यांसारखे विषय आणि सरळ कथानकाला फाटा देणारी रचना हीदेखील या चित्रकथांची लक्षणे आहेत. पिएर क्रिस्तँ व ज्याँ-क्लोद मेझिएर यांची १९६७ मध्ये 'पिलोत' साप्ताहिकात सुरू झालेली 'व्हालेरियाँ' ही मालिका विज्ञान-चित्रकथेचा पाया मानली जाते. तथापि ती सर्व वयोगटांसाठी असल्याने या लेखात तिचा केवळ ओघाने उल्लेख केला आहे. ब्रिटनमधील 'टू थाउजंड एडी' सारखी मूळ इंग्रजी नियतकालिकेही या विषयाच्या कक्षेबाहेर राहतात.

पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये १६ जुलै १९४९ रोजी बालकुमारांसाठीच्या प्रकाशनांविषयीचा कायदा संमत झाला. या कायद्याने मुलांच्या नियतकालिकांवर देखरेख ठेवली. त्याच बरोबर कोणतेही प्रकाशन अल्पवयीनांना विकण्यास, दुकानात मांडण्यास वा त्याची जाहिरात करण्यास मनाई करण्याचे अधिकार शासनाला दिले. चित्रकथा हा मुलांचाच वाङ्मयप्रकार आहे, असे गृहीतक या कायद्यामागे होते. अमेरिकेत १९५४ मध्ये प्रकाशकांनीच 'कॉमिक्स कोड' ही आचारसंहिता स्वीकारली आणि तेथेही जवळपास तोच परिणाम झाला.

१९५९ मध्ये सुरू झालेले 'पिलोत' हे साप्ताहिक रने गोसिनी यांच्या संपादनाखाली हळूहळू किशोरांकडून तरुणांकडे वळले. मे १९६८ च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनानंतर चित्रकारांच्या अपेक्षा बदलल्या. १९७२ मध्ये गोतलिब, क्लेर ब्रेतेशे आणि निकिता मांद्रिका यांनी 'पिलोत'बाहेर पडून 'लेको दे साव्हान' हे स्वतःचे नियतकालिक काढले. कलावंतांनी स्वतः प्रकाशक व्हावे, हा पायंडा त्यातून पडला.

पहिला टप्पा : बार्बारेला

ज्याँ-क्लोद फोरे यांची 'बार्बारेला' ही चित्रकथा १९६२ पासून 'व्ही मॅगझीन' या फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली. १९६४ मध्ये एरिक लोसफेल्ड या प्रकाशकाने ती पुस्तकरूपात आणली. अंतराळात एकटीने प्रवास करणारी, स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी नायिका त्या काळच्या चित्रकथेत नवीन होती. १९४९ च्या कायद्यानुसार पुस्तकाच्या विक्री-मांडणीवर बंधने आली.

अमेरिकेत ही कथा 'एव्हरग्रीन रिव्ह्यू' या साहित्यिक नियतकालिकात क्रमशः आली आणि १९६६ मध्ये ग्रोव्ह प्रेसने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अनुवादक रिचर्ड सीव्हर होते. सॅम्युएल बेकेट यांचे साहित्य अमेरिकी वाचकांपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अर्थात युरोपीय प्रौढ विज्ञान-चित्रकथेचा इंग्रजीतील पहिला महत्त्वाचा प्रवेश कॉमिक्सच्या बाजारातून न होता प्रयोगशील साहित्याच्या प्रकाशकाकडून झाला. १९६८ मध्ये रॉजे वादिम यांनी या कथेवर चित्रपट काढला; त्यात जेन फाँडा यांची प्रमुख भूमिका होती. २०१४ मध्ये ह्युमनॉइड्स या प्रकाशनसंस्थेने केली सू डिकॉनिक यांनी केलेले नवे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले.

मेताल उर्लां

डिसेंबर १९७४ मध्ये ज्याँ जिरो, फिलीप द्रुइए, लेखक-संपादक ज्याँ-पिएर दिओने आणि आर्थिक व्यवहार पाहणारे बेर्नार फार्कास या चौघांनी पॅरिसमध्ये 'ले युमानोईद आसोसिए' ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. तिचे 'मेताल उर्लां' (अर्थ : किंचाळणारा धातू) हे नियतकालिक १९७५ च्या आरंभी निघाले. ते आधी त्रैमासिक होते, पुढे मासिक झाले. पहिल्या अंकाची ६८ पाने होती आणि त्यांपैकी केवळ १६ रंगीत होती. १९८७ मध्ये ते बंद पडले. त्यानंतर २००२ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले.

ज्याँ जिरो (१९३८–२०१२) हे 'ब्लूबेरी' या पाश्चिमात्य साहसमालिकेचे चित्रकार म्हणून आधीच नावारूपाला आले होते. विज्ञानकथांसाठी त्यांनी 'मोबियस' हे टोपणनाव वापरले. त्यांच्या 'आर्झाक' या कथांमध्ये एक अबोल योद्धा पंख असलेल्या विशाल प्राण्यावर बसून अनोळखी प्रदेशांतून जातो. या कथांमध्ये एकही संवाद नाही. नायकाच्या नावाचे स्पेलिंगही प्रत्येक कथेत वेगळे आहे. 'ल गाराज एर्मेतिक' (१९७६–१९७९) ही त्यांची कथा पूर्वनियोजित कथानकाशिवाय, दर अंकात दोन-चार पाने अशा रीतीने रचली गेली. द्रुइए यांनी 'लोन स्लोन' या अंतराळभटक्याच्या कथांतून पारंपरिक चौकटी मोडल्या आणि संपूर्ण पान किंवा जोडपान हेच एकक मानले.

याच संस्थेने १९७६ मध्ये 'आ! नाना' हे स्त्रियांनी निर्माण केलेले चित्रकथा-नियतकालिक काढले. १९७८ मध्ये १९४९ च्या कायद्याखाली त्याच्या अल्पवयीनांना होणाऱ्या विक्रीवर बंदी आली. विक्री व मांडणीवर मर्यादा आल्याने नऊ अंकांनंतर ते बंद पडले. ज्या संस्थेचे पुरुषप्रधान नियतकालिक नग्न व हिंसक चित्रांसह चालू राहिले, तिचेच स्त्रियांचे नियतकालिक या कायद्यामुळे संपले, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात.

हेवी मेटल

'नॅशनल लॅम्पून' या अमेरिकी विनोदी मासिकाचे प्रकाशक लेनर्ड मोगेल यांनी 'मेताल उर्लां'चे हक्क घेऊन एप्रिल १९७७ मध्ये 'हेवी मेटल' हे मासिक सुरू केले. सुरुवातीच्या संपादकांत शॉन केली व ज्युली सिमन्स यांचा समावेश होता. रंगीत पानांची छपाईपूर्व तयारी फ्रान्समध्ये आधीच झालेली असल्याने अमेरिकी आवृत्तीचा खर्च बराच कमी झाला. आर्थिकदृष्ट्या हा उपक्रम शक्य होण्याचे ते एक मुख्य कारण होते. मोठ्या आकाराचे 'मासिक' म्हणून निघाल्यामुळे ते कॉमिक्स कोडच्या कक्षेत येत नव्हते, हा दुसरा फायदा झाला.

मासिकाच्या नावात मूळ फ्रेंच शब्दांपैकी 'धातू' एवढाच उरला. 'किंचाळणारा' या विशेषणाऐवजी 'हेवी' आल्याने मासिकाचे नाव त्या काळच्या रॉक संगीताच्या एका प्रकाराशी जोडले गेले. १९८१ मध्ये याच नावाचा सचेतपट निघाला. मोबियस, द्रुइए, बिलाल, मोंतेलिए यांच्याबरोबर रिचर्ड कॉर्बेन यांच्यासारखे अमेरिकी चित्रकारही मासिकात असत. पुढे स्टेफानो तांबुरिनी व तानिनो लिबेरातोरे यांची 'रँक्झेरॉक्स' आणि पाओलो एलेउतेरी सेर्पिएरी यांची 'द्रूना' ही इटालियन पात्रेही त्यातून इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. १९९० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार केव्हिन ईस्टमन यांनी हे मासिक विकत घेतले.

'हेवी मेटल'मुळे इंग्रजी वाचकांच्या मनात या चित्रकथांची एक विशिष्ट प्रतिमा तयार झाली. फ्रेंच मासिकात चित्रांबरोबर विज्ञानकथा-साहित्य, चित्रपट आणि संगीत यांवरील लेखन असे. अमेरिकी आवृत्तीत आरंभी मुख्य भर चित्रांवर राहिला. क्रमशः छापलेल्या मालिका अंक चुकला की तुटत, आणि वाचकाला कथेपेक्षा दृश्याची आठवण अधिक राहत असे.

पुस्तकरूप अनुवाद

संपूर्ण कृती पुस्तकरूपाने देण्याचे काम १९८० च्या दशकात वेगाने झाले. बर्न्ड मेट्झ यांच्या न्यू यॉर्क येथील कॅटलन कम्युनिकेशन्स या संस्थेने बिलाल, लिबेरातोरे आदींचे आल्बम इंग्रजीत आणले. टेरी नँटिए यांच्या एनबीएम या संस्थेने फ्रांस्वा स्खाउटेन व बनुआ पेटर्स यांच्या 'ले सिते ऑबस्क्यूर' मालिकेतील पुस्तके प्रसिद्ध केली. १९८७ पासून मार्व्हल कॉमिक्सच्या 'एपिक' या विभागाने मोबियस यांच्या कथांची मालिका काढली. तिचे अनुवाद ज्याँ-मार्क व रँडी लॉफिसिए या दांपत्याने केले. १९८८ मध्ये याच विभागाने 'द इंकल' तीन खंडांत प्रसिद्ध केली. मूळ सहा आल्बमपैकी दोन-दोन एका खंडात बांधले होते. याच सुमारास मोबियस यांनी स्टॅन ली यांच्या लेखनावर 'सिल्व्हर सर्फर'ची एक कथा रेखाटली.

१९९० च्या दशकात कॅटलन कम्युनिकेशन्स बंद पडली, एपिक विभागाचे कामही आटोपले आणि अनेक पुस्तके बाजारातून नाहीशी झाली. दशकाच्या अखेरीस 'ले युमानोईद आसोसिए'ने 'ह्युमनॉइड्स' या नावाने लॉस एंजेलिस येथून स्वतःच इंग्रजी प्रकाशन सुरू केले. २००४–०५ मध्ये तिने डीसी कॉमिक्सबरोबर भागीदारी केली. २०१० नंतर ब्रिटनमधील सेल्फमेडहीरो, टायटन कॉमिक्स व सिनेबुक आणि अमेरिकेतील डार्क हॉर्स, आयडीडब्ल्यू व न्यू यॉर्क रिव्ह्यू कॉमिक्स यांनी जुन्या कृतींच्या नव्या आवृत्त्या काढल्या.

प्रमुख कृती

'लँकाल' किंवा 'द इंकल' (१९८०–१९८८) : लेखक होदोरोव्स्की, चित्रकार मोबियस. होदोरोव्स्की यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' कादंबरीवर चित्रपट काढण्याचा प्रयत्न केला होता. मोबियस त्यात सहभागी होते. चित्रपट झाला नाही, पण त्यातील अनेक कल्पना 'इंकल'मध्ये उतरल्या. कथेचा नायक जॉन डिफूल हा भित्रा, क्षुद्र दर्जाचा खासगी गुप्तहेर आहे. त्याच्या हाती 'इंकल' नावाची दिव्य शक्ती येते आणि विश्वातील सर्व सत्ता त्याच्या मागे लागतात. फ्रेंच वाचकासाठी नायकाच्या नावात 'मूर्ख' या अर्थाचा इंग्रजी शब्द दडलेला आहे; इंग्रजी वाचकाला तो लगेच उमगतो. या कथेतून निघालेली 'ला कास्त दे मेता-बारों' (चित्रकार : ह्वान हिमेनेस) ही आठ खंडांची मालिकाही इंग्रजीत आली आहे.

निकोपोल त्रयी (१९८०, १९८६, १९९२) : लेखक-चित्रकार एंकी बिलाल. त्यांचा जन्म १९५१ मध्ये बेलग्रेड येथे झाला. पहिल्या खंडात २०२३ सालचे फासिस्ट राजवटीखालील पॅरिस दिसते. शहरावर इजिप्शियन देवतांचा पिरॅमिडच्या आकाराचा यान-निवास इंधनाच्या शोधात येऊन थांबला आहे. अंतराळातील शीतनिद्रेची शिक्षा भोगून परतलेल्या निकोपोलच्या शरीरात होरस हा बंडखोर देव शिरतो. दुसऱ्या खंडाच्या मूळ आवृत्तीसोबत भविष्यातून पाठवलेल्या बातम्यांचे एक काल्पनिक वृत्तपत्र जोडलेले होते; ते कथेचाच भाग आहे. तिसऱ्या खंडात आलेल्या बुद्धिबळ-मुष्टियुद्ध या कल्पित खेळावरून पुढे प्रत्यक्ष क्रीडाप्रकार सुरू झाला.

'ल ट्रान्सपेर्सनेझ' किंवा 'स्नोपिअर्सर' : लेखक जाक लॉब, चित्रकार ज्याँ-मार्क रोशेत. १९८२ पासून '(आ सुइव्ह्र)' या मासिकात आणि १९८४ मध्ये आल्बमरूपाने प्रसिद्ध. हिमयुगात बुडालेल्या पृथ्वीवर अखंड धावणाऱ्या एक हजार एक डब्यांच्या आगगाडीत उरलेली माणसे राहतात. शेवटच्या डब्यांत दरिद्री लोक आणि पुढे सत्ताधारी. या कृतीचा कोरियन अनुवाद इंग्रजीच्या आधी झाला. सोलमधील एका पुस्तकांच्या दुकानात तो दिग्दर्शक बाँग जून-हो यांच्या पाहण्यात आला आणि त्यातून २०१३ चा चित्रपट निर्माण झाला. इंग्रजी अनुवाद चित्रपटानंतर, २०१४ मध्ये टायटन कॉमिक्सने काढला. तोवर मूळ आल्बमला तीस वर्षे होऊन गेली होती आणि लेखक लॉब यांच्या निधनालाही वीसहून अधिक वर्षे लोटली होती.

'ला फिएव्ह्र द्युर्बिकांद' (१९८५) : 'ले सिते ऑबस्क्यूर' मालिकेतील कृष्णधवल आल्बम. काटेकोर नियोजनाने वसवलेल्या नगरीत एक लहानसा पोकळ घन सापडतो. तो आपोआप वाढत जाऊन सर्व इमारती भेदतो आणि शहराच्या विभक्त भागांना जोडतो. नगररचना आणि सत्ता यांच्या संबंधावरील ही रूपककथा अंगुलेम महोत्सवात उत्कृष्ट आल्बमच्या पुरस्काराने गौरवली गेली.

'सोशल फिक्शन' : शांताल मोंतेलिए यांच्या १९७० व १९८० च्या दशकांतील तीन कथांचा संग्रह, जेफ्री ब्रॉक यांचा इंग्रजी अनुवाद २०२३ मध्ये न्यू यॉर्क रिव्ह्यू कॉमिक्सने प्रसिद्ध केला. पाळत, लोकसंख्या-नियंत्रण आणि सक्तीचे सुरक्षित जीवन हे तिचे विषय आहेत. यांतील '१९९६' या मालिकेचे काही भाग 'हेवी मेटल'मध्ये आधी आले होते.

'आमा' (२०११–२०१४) : स्विस चित्रकार फ्रेडेरिक पेटर्स यांची चार खंडांची कथा. स्मृती हरवलेला नायक परग्रहावर जागा होतो आणि स्वतःच्या रोजनिशीवरून भूतकाळ जुळवतो. एडवर्ड गोव्हँ यांचा इंग्रजी अनुवाद सेल्फमेडहीरोने काढला.

अनुवादातील बदल

शब्द व शीर्षके : संवादफुग्याची जागा ठरावीक असते, अनुवादित वाक्य तिच्यात बसावेच लागते. इंग्रजी मजकूर फ्रेंचपेक्षा सहसा आखूड होतो, त्यामुळे फुग्यात मोकळी जागा उरते. ध्वनिवाचक शब्द चित्राचाच भाग म्हणून रेखाटलेले असतात. ते बदलायचे तर चित्राला हात लावावा लागतो. शीर्षकांतील श्लेष अनेकदा हरवतो. 'एर्मेतिक' या फ्रेंच शब्दाचे 'हवाबंद' आणि 'गूढविद्येशी संबंधित' असे दोन्ही अर्थ होतात. 'द एअरटाइट गराज' या इंग्रजी शीर्षकात पहिलाच उरला. निकोपोल त्रयीच्या पहिल्या खंडाचे शीर्षक शब्दशः 'अमरांचा बाजार' असे आहे. कॅटलनने त्याचे 'गॉड्स इन केऑस' केले, तर नंतरच्या आवृत्तीत 'द कार्निव्हल ऑफ इमॉर्टल्स' असे मुळाच्या अधिक जवळचे नाव दिले गेले. 'गाराज'मधील जेरी कॉर्नेलियस हे पात्र इंग्रज लेखक मायकेल मूरकॉक यांचे होते. पुढील आवृत्त्यांत त्याचे नाव लुईस कार्नेलियन असे बदलले.

रंग : 'गाराज' मूळ कृष्णधवल होती, एपिकच्या आवृत्तीत ती रंगवण्यात आली. 'इंकल'च्या बाबतीत २००० नंतरच्या काही वर्षांत ह्युमनॉइड्सने संगणकाच्या साहाय्याने नवे रंग भरले. मूळ सपाट, भडक रंगांच्या जागी छायाप्रकाशाच्या छटा आल्या. नव्या वाचकांना त्या आधुनिक वाटल्या, तरी मोबियस यांची रेषा त्याखाली दबली, अशी टीका झाली.

आकार : डीसीबरोबरच्या भागीदारीत निघालेली पुस्तके मूळ आल्बमपेक्षा लहान होती. बारीक रेषांची व दाट तपशिलांची चित्रे लहान आकारात वाचणे अवघड झाले.

काटछाट : नव्या रंगांतील 'इंकल'मध्ये काही नग्न आकृती झाकण्यात आल्या. सिनेबुकने काढलेल्या लेओ यांच्या 'आल्देबारां' मालिकेतही काही चौकटींतील पात्रांना कपडे चढवले गेले. प्रौढांसाठी लिहिलेली कृती अधिक मोठ्या वाचकवर्गाकडे नेण्याच्या प्रयत्नात हे बदल झाले. मात्र 'इंकल'मध्ये नग्नता प्रायः विटंबनेच्या वा आध्यात्मिक रूपांतराच्या प्रसंगी येते. ती झाकल्यास प्रसंगाचा अर्थ बदलतो.

पुनःस्थापना : २०१० च्या सुमारास 'इंकल' मूळ रंगांत आणि विनाकाटछाट पुन्हा प्रसिद्ध झाली, ब्रिटनमधील आवृत्ती २०११ मध्ये सेल्फमेडहीरोने काढली. डार्क हॉर्सने २०१६ पासून मोबियस यांच्या साहित्याची ग्रंथमाला सुरू केली. तिच्या 'द वर्ल्ड ऑफ एडेना' या पहिल्या ग्रंथातील कथेची सुरुवात १९८३ मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीसाठी केलेल्या प्रसिद्धिपर कथेतून झाली होती. आजच्या प्रकाशकांचा कल मूळ आकार, मूळ रंग व अनुवादकाचा स्पष्ट नामनिर्देश यांकडे आहे.

प्रभाव

मोबियस यांनी 'एलियन' (१९७९) या चित्रपटातील अंतराळ-पोशाखांची आणि 'ट्रॉन' (१९८२) मधील काही घटकांची संकल्पचित्रे केली. डॅन ओबॅनन यांनी लिहिलेली व मोबियस यांनी रेखाटलेली 'द लाँग टुमॉरो' ही लघुकथा 'ब्लेड रनर' (१९८२) मधील उंच, गजबजलेल्या, काळोख्या शहराची एक प्रेरणा होती. या कथेचे लेखन एका अमेरिकी लेखकाने केले, चित्रण पॅरिसमध्ये झाले, प्रसिद्धी फ्रेंचमध्ये मिळाली आणि ती इंग्रजीत अनुवादाच्या मार्गाने परतली. विल्यम गिब्सन यांनीही 'हेवी मेटल'मधील फ्रेंच चित्रांचा आपल्या कल्पनाविश्वावरील प्रभाव मान्य केला आहे. 'द फिफ्थ एलिमेंट' (१९९७) या ल्यूक बेसाँ यांच्या चित्रपटासाठी मेझिएर व मोबियस या दोघांनी काम केले.

टीका

या परंपरेवरील सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रीचित्रणाविषयी आहे. 'हेवी मेटल'ची मुखपृष्ठे आणि 'द्रूना'सारख्या मालिका यांमध्ये स्त्री ही पुरुषी दृष्टीची वस्तू बनते आणि 'प्रौढ' या शब्दाचा अर्थ संकुचित होतो, असे टीकाकार म्हणतात. काटछाटीला विरोध करणाऱ्या सर्वांनाच असे चित्रण मान्य असते असे नाही. मूळ कृती जशी आहे तशी उपलब्ध असावी आणि तिची चिकित्साही मोकळेपणाने व्हावी, अशी भूमिका अनेक अभ्यासक घेतात. दुसरा आक्षेप निवडीविषयी आहे. इंग्रजी प्रकाशकांनी चित्रदृष्ट्या नेत्रदीपक कृतींना प्राधान्य दिले; त्यामुळे मोंतेलिए यांच्यासारख्या, राजकीय आशयावर भर देणाऱ्या लेखिकेचा स्वतंत्र इंग्रजी संग्रह निघण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला.

निवडक कृती व इंग्रजी आवृत्त्या

बार्बारेला – मूळ पुस्तक १९६४. इंग्रजी : ग्रोव्ह प्रेस १९६६, ह्युमनॉइड्स २०१४.

आर्झाक – मूळ १९७५–७६; इंग्रजी मासिकरूप : हेवी मेटल १९७७ पासून. संवाद नसल्याने कथेत अनुवादाची गरज नाही.

ल गाराज एर्मेतिक – मूळ १९७६–७९, कृष्णधवल. इंग्रजी पुस्तक : एपिक १९८७, रंगीत.

लँकाल – मूळ १९८०–८८. इंग्रजी : एपिक १९८८ (मूळ रंग), ह्युमनॉइड्स २००० नंतर (नवे रंग, काटछाट), सेल्फमेडहीरो २०११ (मूळ रंग).

निकोपोल त्रयी – मूळ १९८०, १९८६, १९९२; इंग्रजी : पहिले दोन खंड कॅटलन कम्युनिकेशन्स, पूर्ण त्रयी ह्युमनॉइड्स, नवी आवृत्ती टायटन कॉमिक्स.

ल ट्रान्सपेर्सनेझ – मूळ आल्बम १९८४. इंग्रजी : टायटन कॉमिक्स २०१४.

ला फिएव्ह्र द्युर्बिकांद – मूळ १९८५. इंग्रजी : एनबीएम १९९०.

आमा – मूळ २०११–१४. इंग्रजी : सेल्फमेडहीरो, चार खंड.

सोशल फिक्शन – इंग्रजी संग्रह : न्यू यॉर्क रिव्ह्यू कॉमिक्स २०२३.